उपनगरांतले लिनक्स : अक्षर, हिशेब आणि खेळ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला नियमित सुरक्षा-सुधारणा देणे बंद केले. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना आणखी वर्षभराची मुदत मिळाली, एवढेच. पुढची विंडोज ११ घालायची तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घरांतले आणि दुकानांतले कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ दिसतो, कळफलकाची अक्षरे जरा पुसट झाली आहेत इतकेच. तरी ते निकालात निघते. मग भंगारवाल्याला फोन करण्याआधी कोणीतरी विचारते, ‘यात लिनक्स घातले तर?’

हा प्रश्न उपनगरांत नवा नाही. गेल्या तीस वर्षांत तो निदान तीनदा विचारला गेला आणि प्रत्येक वेळी बहुतेकांनी ‘सध्या नको’ असेच उत्तर दिले. त्या नकाराची कारणे शोधू लागलो तेव्हा माझी अपेक्षा होती की तांत्रिक अवघडपणा हे मुख्य कारण निघेल. तसे ते काही काळ होतेही. पण खोलात गेल्यावर दिसले की माणसे तीन गोष्टींसाठी विंडोजला बांधलेली होती : मराठी अक्षर, दुकानाचा हिशेब आणि मुलांचे खेळ. यांतल्या पहिल्या दोन गाठी सोडवण्याचे मोठे काम याच मुंबईत झाले, आणि ते करणारी माणसे आपल्या संगणक-इतिहासात फारशी भेटत नाहीत. म्हणून हा लेख.

जुहूचा दुवा

लिनक्सची कथा सांगताना सुरुवात हेलसिंकीपासून होते. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१मध्ये आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी, १९८३मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी पण पूर्णपणे मुक्त अशी ‘ग्नू’ प्रणाली उभारण्याची घोषणा केली होती. टोरवाल्ड्सचा गाभा आणि ग्नूची साधने एकत्र आली आणि आज आपण जिला सरसकट लिनक्स म्हणतो ती प्रणाली तयार झाली.

उपनगरांपुरते बोलायचे तर सुरुवात जुहूपासून करावी लागते. टीआयएफआरमधल्या संगणक केंद्रातून १९८५मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढे ती जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९वर नांदली. तिचे संचालक श्रीनिवासन रमणी. शैक्षणिक संस्थांना जोडणाऱ्या एर्नेट या जाळ्याची उभारणी १९८६पासून सुरू झाली, त्यात एनसीएसटीचा वाटा मोठा होता. आरंभीच्या ईमेल-जोडण्यांपैकी एक जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यातली होती. देशाबाहेर जाणारी वाटही जुहूतूनच काढली गेली. ‘डॉट इन’ या नावांची व्यवस्थाही बरीच वर्षे याच संस्थेकडे होती. रमणी यांचा २०१४मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. ही सगळी यंत्रणा युनिक्सच्या पद्धतीने चालत असे. म्हणजे लिनक्स येण्याआधी त्याचे कूळ अंधेरी-पार्ल्याच्या शेजारी वस्तीला आलेले होते.

सामान्य घरांत ते कूळ शिरले १५ ऑगस्ट १९९५नंतर, व्हीएसएनएलच्या इंटरनेटबरोबर. विद्यार्थ्यांना परवडणारे होते ते ‘शेल’ खाते. त्यात चित्रे नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर अक्षरे. फोन लावायचा, मोडेमची किरकिर ऐकायची आणि ‘जीआयएएसबीएम०१’ नावाच्या यंत्रावर पोचायचे. त्यातला ‘बीएम’ बॉम्बेचा. तिथे पाइनमध्ये पत्रे वाचायची, लिंक्समध्ये, म्हणजे फक्त मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये, संकेतस्थळे पाहायची. घरच्या संगणकावर विंडोज असले तरी फोनच्या पलीकडे युनिक्स होते. उपनगरांतल्या एका पिढीला ‘एलएस’ आणि ‘सीडी’ या आज्ञा अशा नकळत पाठ झाल्या.

१९९६मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. बंगळुरूचे अतुल चिटणीस या उपक्रमामागचे मोठे नाव. तासाच्या हिशेबाने इंटरनेटचे पैसे मोजणाऱ्याला शेकडो मेगाबाइट उतरवून घेणे अशक्यच होते. रेल्वे स्टेशनावरच्या बुकस्टॉलवर मिळणारी सीडी हाच मार्ग. पुढे उबुंटूने २००५पासून मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवली. ती योजना २०११पर्यंत चालली. परदेशी तिकिटांचे ते पाकीट सोसायटीच्या टपालपेटीत पडले की घरच्यांना आधी काळजी वाटे आणि मग कौतुक.

इतके असूनही पहिला नकार आला. एक कारण अगदी क्षुल्लक वाटेल असे होते. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या स्वस्त संगणकात बहुधा आतला मोडेम असे, आणि त्याचे अर्धे काम विंडोजमधले सॉफ्टवेअर करी. जाणकार त्याला ‘विनमोडेम’ म्हणत. लिनक्स घातले की तो मुका होई. मुंबईच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटातले स्वयंसेवक सुटीच्या दिवशी एकत्र जमून लोकांच्या यंत्रांवर प्रणाली चढवून देत, पण घरी गेल्यावर इंटरनेट लागत नाही म्हटल्यावर उत्साह ओसरे. २००५च्या सुमारास एमटीएनएलचे ब्रॉडबँड आले, मोडेम संगणकाबाहेर गेला आणि ही अडचण आपोआप मिटली.

दुसरे कारण जास्त खोल होते. यंत्र जोडून देणारा माणूस विंडोजची चोरटी प्रत त्यातच घालून देई. त्याचे वेगळे पैसे कोणी मोजत नसे. जगभर लिनक्सची पहिली जाहिरात ‘हे फुकट आहे’ अशी होत होती. आमच्याकडे विंडोजही फुकटच होते. तेव्हा किमतीचा मुद्दा गळून पडला आणि उरला स्वातंत्र्याचा. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ असल्यामुळे स्टॉलमन यांना जन्मभर खुलासे करावे लागले. मराठीत ‘मोफत’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. भाषेने फरक तयार ठेवला होता, पण त्याची निकड अजून कोणाला जाणवत नव्हती. ती जाणवली अक्षरांच्या निमित्ताने.

अक्षर

नव्वदच्या दशकात मराठी टंकणे म्हणजे श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, आयएसएम अशा अनेक व्यवस्थांपैकी एकीचे होऊन राहणे. प्रत्येकीने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवले होते. एकीत जिथे ‘क’ तिथे दुसरीत काना. मजकूर एका फाँटमध्ये लिहिला आणि समोरच्याकडे तो फाँट नसला की पडद्यावर नुसते चिन्हांचे कडबोळे. सोसायटीची नोटीस, लग्नपत्रिका, शाळेची प्रश्नपत्रिका, दिवाळी अंकाचा मजकूर, सगळ्यांची ही गत. यांतले बहुतेक फाँट आणि त्यांचे कळफलक विंडोजसाठी बनलेले. प्रणाली बदलायची तर लिहिलेले सगळे मराठी मागे टाकून जायचे, असा त्याचा अर्थ होता.

उपाय तत्त्वतः सापडला होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले होते आणि त्याच्याच आधारे १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली होती. पण जागा मिळणे वेगळे आणि पडद्यावर नीट उमटणे वेगळे. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते क नंतर, दिसायला हवी आधी. ‘अर्थ’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा. आणि मराठीचा खास पेच म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे परक्याने बनवलेल्या व्यवस्थेत तो हमखास राहून जाई. हे सगळे जुळवून देणारा कार्यक्रम प्रणालीत असावा लागतो, आणि त्याला साजेसा फाँटही.

मुंबईत १९९९-२०००च्या सुमारास प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी इंडलिनक्स हा उपक्रम सुरू केला, जी. करुणाकर यांनी त्याचे संयोजन सांभाळले. हेतू असा की संगणकाशी बोलायला इंग्रजी येणे ही अट राहू नये. त्याच सुमारास जुहूच्या एनसीएसटीने ‘इंडिक्स’ हाती घेतला. लिनक्सवर खिडक्या आणि अक्षरे रंगवणारी मूळ पातळी म्हणजे एक्स विंडो. तिथेच भारतीय लिप्यांची सोय करायची, म्हणजे वरचे सगळे कार्यक्रम आपोआप मराठी-हिंदी दाखवू लागतील, अशी ही कल्पना. जगाने पुढे वेगळी वाट धरली. हे काम वरच्या पातळीवर, पँगोसारख्या ग्रंथालयांत आणि नंतर हार्फबझमध्ये गेले. हार्फबझ हे नाव फारसीतल्या ‘खुले अक्षर’ या अर्थाच्या शब्दांवरून घेतलेले. इंडिक्स मागे पडला, पण भारतीय लिप्यांचा पेच प्रणालीच्या गाभ्याजवळ सोडवला पाहिजे, हे त्याने वेळेवर ओळखले होते.

याच जुहूच्या संस्थेत र. कृ. जोशी काम करत होते. साठोत्तरी मराठी कवितेच्या वाचकांना ते कवी म्हणून ठाऊक, उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना सुलेखनकार आणि शिक्षक म्हणून. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनी रेखला. त्यांच्याच हातचे ‘रघू’ मालिकेतले फाँट संस्थेने ग्नूच्या परवान्याखाली खुले केले. म्हणजे बंद आणि मुक्त, दोन्ही जगांतल्या देवनागरीला एकाच मराठी माणसाच्या हाताचे वळण लाभले. २००८मध्ये ते गेले.

मुक्त फाँटची आणखी एक वाट मानखुर्दहून निघाली. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. हे २००१मध्ये सुरू झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाच्या धुरीणांपैकी. बंगळुरूच्या सायबरस्केप कंपनीने आकृतीची अक्षरे मुक्त परवान्याने दिली आणि त्यांतून ‘गार्गी’ हा युनिकोड फाँट घडवला गेला. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाचे त्यात साहाय्य होते. पुण्यात रेड हॅटने मॉड्युलर इन्फोटेकची अक्षरे घेऊन २००४मध्ये ‘लोहित’ मालिका खुली केली. म्हणजे ज्या कंपन्यांच्या फाँटनी मराठी मजकूर वेगवेगळ्या कप्प्यांत अडकवला होता, त्यांपैकी दोघींची अक्षरे आता कोणालाही वापरता, बदलता, वाटता येऊ लागली. अलीकडे मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याने दिले आहेत.

अनुवादाचे काम याला समांतर चालले होते. ‘फाइल’ ठेवायचे की ‘धारिका’ करायचे, ‘सेव्ह’ला काय म्हणायचे, अशा हजारो छोट्या वाक्यांचा प्रश्न. ग्नोम आणि फायरफॉक्स यांची मराठी रूपे मुंबई-पुण्याच्या स्वयंसेवकांनी आणि काही नोकरदार भाषांतरकारांनी मिळून घडवली. सगळे शब्द जमले असे नाही. काही आजही खडबडीत वाटतात. पण चुकीचा शब्द दिसला तर तो बदलण्याचा हक्क वाचकाला असणे ही गोष्ट मराठीने संगणकावर पहिल्यांदा अनुभवली. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८मध्ये. ‘ॲप’ हा शब्द घरोघरी पोचायच्या जेमतेम आधी.

हिशेब

लक्ष्मीपूजनाला घाटकोपर आणि मुलुंडच्या पेढ्यांवर वहीपूजन होते, तेव्हा वहीशेजारी आता लॅपटॉपही असतो. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यापासून लहान दुकानदारालाही संगणकाशिवाय गत्यंतर राहिले नाही. आणि संगणकावरचा हिशेब म्हणजे टॅली, हे समीकरण त्याच्या कितीतरी आधी पक्के झाले होते. टॅली चालते विंडोजवर. दुकानदाराने मनात आणले तरी त्याच्या सीएला टॅलीचीच फाइल हवी असते, आणि नोकरीला येणारी मुलगी टॅलीच शिकून आलेली असते.

शिकण्याचा हा भाग महत्त्वाचा आहे. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गल्लोगल्ली पोचला आणि सरकारी नोकरीसाठी त्याला महत्त्व आले. लाखो मराठी मुलामुलींना संगणकाची भीती सोडायला त्याने मदत केली, हे ऋण मान्य करायला हवे. पण त्यात शिकवले जाई ते प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस. संगणक येणे म्हणजे एका कंपनीची मेनूपट्टी पाठ असणे, असा समज त्यातून रुजला.

या बाजूने दोन प्रयत्न मुंबईत झाले. पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यावर, फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे प्रकल्प उभे राहिले. दहाएक मिनिटांचा धडा, पडद्यावर प्रात्यक्षिक, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. लिबरऑफिसपासून लिनक्सच्या आज्ञांपर्यंत सगळे शिक्षकाविना शिकता यावे असा त्याचा घाट आहे.

दुसरा प्रयत्न ग्नूखाता. नावातच ग्नू आणि खाते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सगळे करणारे हे मुक्त सॉफ्टवेअर डिजिटल फ्रीडम फाउंडेशनच्या आधाराने वाढले आणि त्याचे प्रमुख शिल्पकार कृष्णकांत माने हे दृष्टिहीन आहेत. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. पडद्यावरचे वाचून दाखवणारे विंडोजवरचे नावाजलेले सॉफ्टवेअर त्या काळी संगणकापेक्षा महाग पडे. लिनक्सच्या ग्नोममध्ये ऑर्का हा वाचक प्रणालीबरोबरच मिळू लागला. ज्या माणसाला परवान्याची किंमत दारातच अडवते, त्याच्या दृष्टीने मुक्त म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्याने स्वतःच्या पायावर उभे राहून दुसऱ्यांच्या हिशेबाचे साधन लिहिले.

ग्नूखात्याने टॅलीला हटवले नाही. सवय, सीए आणि बाजार या तिघांशी एक छोटा गट किती झुंजणार? आता जीएसटीचे विवरणपत्र ब्राउझरमध्ये भरले जाते, बँकही तिथेच आहे. त्यामुळे हिशेबाची गाठ सुटली नसली तरी सैल झाली आहे.

खेळ

तिसरी गाठ घरातल्या मुलाची. दोन हजारच्या दशकात उपनगरांतल्या सायबर कॅफेंनी काचेची दालने हटवून यंत्रांच्या रांगा लावल्या आणि शाळा सुटली की काउंटर-स्ट्राइकचे सामने रंगू लागले. घरी रोडरॅश, एज ऑफ एम्पायर्स, व्हाइस सिटी. बाबांनी कितीही हौसेने लिनक्स घातले तरी ‘यात व्हाइस सिटी चालत नाही’ या एका वाक्यावर ते रविवारपर्यंत निघून जाई. मोठ्यांच्या लेखांत या कारणाला मान मिळत नाही. माझ्या मते तीच शेवटची आणि निर्णायक अडचण होती.

खेळ विंडोजवर अडकतात कारण ते चित्र काढण्यासाठी विंडोजच्या डायरेक्टएक्सला आज्ञा देतात. १९९३पासून वाइन हा प्रकल्प या आज्ञांचा लिनक्सच्या भाषेत दुभाषेपणा करत होता. पंधरा वर्षांनी, २००८मध्ये, त्याची १.० आवृत्ती आली, तरी बहुतेक नवे खेळ रखडत. स्टीम हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१३मध्ये लिनक्सवर पाऊल ठेवले. २०१५चे तिचे स्टीम मशीन पडले. दरम्यान २०१६मध्ये व्हल्कन हे खुले चित्रप्रमाण आले आणि डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणारे डीएक्सव्हीके एका जर्मन प्रोग्रामरने लिहायला घेतले, आपल्या आवडीचा एक खेळ लिनक्सवर चालावा म्हणून. वाइन आणि डीएक्सव्हीके यांची मोट बांधून ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन दिले. २०२२चा स्टीम डेक हा हातातला संगणक लिनक्सवरच चालतो. ऑक्टोबर २०२५मध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यांदा ३ टक्क्यांवर गेले. आकडा लहान आहे, पण दहा वर्षांपूर्वी तो १ टक्क्याच्या आसपास घुटमळत होता.

उरलेला अडथळा आता चित्रांचा नाही. व्हॅलोरंटसारखे खेळ लबाडी पकडण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात आपला पहारेकरी बसवतात, आणि तो लिनक्सवर बसत नाही. एपेक्स लेजेंड्सने २०२४मध्ये लिनक्सवाल्यांना दार बंद केले. काही खेळांच्या निर्मात्यांनी मात्र परवानगी दिली आहे. म्हणजे हा प्रश्न तंत्रापेक्षा निर्मात्याच्या इच्छेचा आहे. आपल्या यंत्राच्या गाभ्यात कोणाला शिरू द्यायचे, हे आता सोळा वर्षांच्या मुलालाही ठरवावे लागते.

आजचा प्रश्न

अंधेरीच्या फलाटावर मोबाइलमध्ये मान घातलेल्या गर्दीतले बहुतेक जण लिनक्सच वापरत असतात. अँड्रॉइडचा गाभा तोच. पण त्या फोनमध्ये काय काढायचे, काय ठेवायचे, तो किती वर्षे चालवायचा, हे मालकाच्या हाती क्वचितच असते. गाभा मुक्त असला म्हणजे वापरणारा मुक्त होतोच असे नाही, हा या इतिहासाचा अनुभव आहे. ते स्वातंत्र्य दर वेळी कोणीतरी एकेका अक्षराने, एकेका खात्याने मिळवावे लागले आहे.

म्हणून त्या जुन्या संगणकाचे काय करायचे, याला सरसकट उत्तर नाही. दुकानात टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन विंडोजवरच बसलेले असेल तर घाई करू नये. मूल फक्त व्हॅलोरंट खेळत असेल तर भांडण ओढवून घेऊ नये. पण पत्रे, लेख, बँक, सिनेमे, नातवंडांशी बोलणे आणि स्टीमवरचे बरेचसे खेळ, एवढ्यासाठी दहा वर्षांपूर्वीचे यंत्र लिनक्सवर आणखी पाच-सहा वर्षे निघते. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. त्यात मराठी लिहा. कोणताही फाँट वेगळा विकत न घेता, कोणाच्या परवानगीवाचून, ‘दुसऱ्या’ हा शब्द अर्ध्या र-सकट नीट उमटतो. तेवढ्यासाठी जुहू, मानखुर्द आणि पुण्यातली माणसे कित्येक वर्षे खपली होती.